वाळेकाकाचे चार मोसम

काकाच्या टोपीला एक काठी होती. टोपीला मागे दोन भोकं पाडून सुतळीने घट्ट बांधलेली, डोक्याच्या वर हातभर जाणारी. लहानपणी मला तो काकाच्या विक्षिप्तपणाचा कळस वाटायचा. मग एकदा टोपीशिवाय काकाबरोबर पक्ष्यांच्या बेटावर उतरले, टाळूतून रक्त आलं आणि कानाला खडा लावला. सुरय पक्ष्याच्या अंड्यांजवळ कोणी गेलं की तो त्याच्या सगळ्यात उंच भागावर चोच मारतो. काठी असली तर काठीवर, नसली तर टाळूवर. वरून जी पांढरी बरसात होते ती वेगळीच. होडी धक्क्याला परत लागेपर्यंत काकाच्या दोन्ही खांद्यांवर ती वाळून कडक झालेली असायची आणि धक्क्यावरच्या बायका नाक मुरडून बाजूला व्हायच्या.

सरकारी कागदावर काका मासेमारी खात्यातला पक्षीनोंदणीस होता. सगळे त्याला वाळेकाका म्हणायचे, त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. बेटावर जन्मलेल्या पिल्लांच्या पायात तो वाळे घालायचा, म्हणून. वाळा म्हणजे ॲल्युमिनियमची नखाएवढी पट्टी, तिच्यावर बारीक आकडे. पिल्लू दहा-बारा दिवसांचं झालं की डाव्या मुठीत ते अलगद धरायचं, उजव्या हातातल्या पकडीने पट्टी पायाभोवती मिटवायची आणि आकडा वहीत उतरवायचा. चार महिने हे काम, उरलेले आठ महिने शहरातल्या कचेरीत बसून त्या आकड्यांची प्रत काढायची. त्याने लग्न केलं नाही. आई म्हणायची, "भावजींना मुलगी कोण देणार? वर्षातले चार महिने अंगाला वास मारतो." ह्यावर काका सगळ्यात मोठ्याने हसायचा.

मला त्याने त्या पक्ष्यांचं सगळं शिकवलं. ते मासे सोडून फारसं काही खात नाहीत. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतात, पंख मिटून दगडासारखे खाली पडतात आणि चोचीत आडवा धरलेला बोटभर मासा घेऊन वर येतात. नर असला मासा घेऊन मादीसमोर मिरवतो. "कधी कधी ती बया मासा खाते आणि लग्नाला नाही म्हणते," काका सांगायचा. मोसम संपला की सगळे दक्षिणेकडे जातात, अर्धी पृथ्वी ओलांडून. जोडपी बरोबर जात नाहीत. प्रत्येकजण आपापल्या वाटेने जातो, आठ महिने एकमेकांचं तोंड बघत नाही, आणि पुढच्या वर्षी दोघं त्याच वीतभर वाळूत येऊन उतरतात.

"आणि एकाला उशीर झाला तर?" मी विचारलं होतं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन.

"दुसरी बसून राहते. बारा-तेरा दिवस बसलेली बघितलीय मी."

"मग?"

"मग दुसरा नवरा बघते."

"आणि त्यानंतर पहिला आला तर?"

"मग काय, भांडणं!" काका म्हणाला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. मला ते हसणं आता सहन होत नाही.

काकाचा एक नियम होता. तो त्याचा स्वतःचा, खात्याचा नव्हे. वाळा घातलेला पक्षी दोन मोसम दिसला नाही तर वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. चार मोसम दिसला नाही तर फुली. फुली म्हणजे मेला. वीस वर्षांच्या वह्यांवरून त्याने हिशोब मांडला होता की सुरय दहा-बारा वर्षं जगतो, त्यापुढे क्वचितच. खात्याने तो अहवाल छापलाही होता, आणि छापील पानाची एक प्रत काकाने चौकट करून भिंतीवर लावली होती. एरवी साधा माणूस, पण ह्या एका बाबतीत त्याला कोणी शिकवायला गेलं तर नाकपुड्या फुगायच्या.

सगळ्या बेटात त्याची लाडकी एकच, बटणवाली. माझ्या जन्माच्या वर्षीचं ते पिल्लू. मोठे पक्षी अंड्यांवर बसलेले असताना जाळीच्या सापळ्याखाली धरून काका त्यांचे आकडे वाचायचा. बाकीचे हाताला कडकडून चावायचे. ही मात्र मान वाकडी करून काकाच्या शर्टाचं वरून दुसरं बटण चोचीत धरायची आणि सोडायची नाही. दरवर्षी तेच बटण. घरटं वाळूत रुतलेल्या एका बोटीच्या गंजलेल्या नांगराला खेटून, तेही दरवर्षी तिथेच. काका बेटावरून आला की आई सुईदोरा घेऊन बसायची. "त्या बयेने बटणांचं दुकान काढलंय की काय?" मी पंधरा वर्षांची असताना काकाने तिच्या आकड्यापुढे फुली मारली आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

पण त्याच्या आधी त्याने आणखी एक फुली मारली होती. ती वहीत नव्हती.

माझे बाबा काकाचे थोरले भाऊ. मी सहा वर्षांची असताना ते दूरच्या समुद्रात जाणाऱ्या मोठ्या मासेमारी जहाजावर नोकरीला लागले. पहिली तीन वर्षं पत्रं आली. चौथ्या वर्षी एकही नाही. जहाजाच्या कंपनीने कळवलं की अमुक बंदरात ते उतरले आणि परत चढले नाहीत. बास, एवढंच. आम्ही तेव्हा धक्क्याजवळच्या बर्फाच्या कारखान्याच्या खोल्यांमध्ये राहायचो. एका रांगेत अठरा खोल्या, पुढे सामाईक नळ. आई कारखान्यात मासे बर्फात भरायची. आमच्या खोलीचं दार फुगून उंबऱ्याला घासायचं. उजव्या हाताने कडी धरायची, डावा खांदा दाराला लावायचा, दार इंचभर वर उचलायचं आणि मग ढकलायचं. बाबा ते इतक्या सफाईने करायचे की दार बिघडलंय हे पाहुण्यांना कळायचंही नाही. बाकी लोक धडका मारत बसायचे.

कारखाना बंद पडला. एकेक करून सतरा कुटुंबं निघून गेली. आई हलेना. शेवटी काका आला. मी तेरा वर्षांची होते, शिवणाच्या डब्याशी चाळा करत तिथेच बसले होते.

"वहिनी, शहरात माझ्या कचेरीच्या मागे दोन खोल्या मिळतायत. दवाखान्यात तुमच्यासाठी काम आहे. हिची शाळा आहे. ही जागा सोडा आता."

"हे आले तर कुठे येतील?"

काकाने चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, मी वीस वर्षं हेच काम करतोय. सलग चार मोसम जो दिसत नाही तो नसतो. माझं एकदाही चुकलेलं नाही."

"ते पाखरू आहेत का, भावजी?"

"नाहीत. पण दादा माझाही होता."

काका ‘होता’ म्हणाला आणि आई रडायला लागली. मग तिने डोळे पुसले आणि भांडी आवरायला घेतली. खोटं कशाला बोलू, मी खूश झाले होते. मला शहरातली शाळा हवी होती, नळाला रांग नसलेलं घर हवं होतं. निघताना सामान टेम्पोत चढवल्यावर आई म्हणाली, "तुम्ही बसा, मी झाडू मारून येते." रिकाम्या खोलीत झाडू मारायला तिला अर्धा तास लागला. आली तेव्हा तिच्या बोटांना निळा रंग लागलेला होता. मला वाटलं कुठल्यातरी भिंतीला हात लागला असेल. विचारलंही नाही.

त्यानंतर अकरा वर्षं गेली. मी आईच्याच दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर लागले. घरात बाबांचं नाव निघायचं बंद झालं. त्या वर्षी मला चार दिवसांची रजा होती म्हणून काकाबरोबर बेटावर गेले होते. सकाळची वेळ, ऊन अजून कोवळं. गंजलेल्या नांगराकडची वाळू बरीच वर्षं भरतीखाली जायची, त्या वर्षी ती पुन्हा वर आली होती; काकाने तिथल्या घरट्यावर सापळा लावला आणि थोड्या वेळाने पक्षी धरून आणला.

"पायात काही नाही. नवी पाहुणी," तो म्हणाला आणि कमरेच्या पिशवीतून वाळा काढायला लागला. दरवर्षी त्याला अशा बऱ्याच नव्या पाहुण्या सापडायच्या आणि तो खूश व्हायचा, बेटाची वस्ती वाढतेय म्हणून.

पाहुणीने मान वाकडी केली आणि त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण धरलं.

काका आधी हसला. मग त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने भिंग काढलं, तिचा पाय फिरवून फिरवून बघितला. जिथे वाळा असायचा तिथे पायाची कातडी गोल गुळगुळीत घासलेली होती. तो वाळूतच बसला. वरून पक्षी काठीवर टकाटक चोची मारत होते. ती मात्र बटण धरून शांत होती.

"ही चोवीस वर्षांची आहे," तो म्हणाला. "तुझ्याएवढी."

"म्हणजे वाळा पडला?"

"झिजला. खारं पाणी आणि वाळू. झिजून झिजून गळून पडला." मग तिच्या पायावरून बोट फिरवत, "हे सगळे मेलेले नव्हते गं. दरवर्षी येत होते. मी त्यांनाच नवीन म्हणून लिहीत होतो."

पातळ झालेले वाळे त्याने आधीही बघितले होते. त्या दुपारी आणखी एका पक्ष्याचा वाळा त्याच्या बोटांत कांद्याच्या सालीसारखा तुटला. इतकी वर्षं ते समोर होतं आणि ह्या हुशार, डोळ्यात तेल घालून काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं, की खूण गेली म्हणजे माणूस गेला असं होत नाही. परत येताना होडीत तो एकच वाक्य बोलला. "वहिनींना मी काय सांगितलं होतं, आठवतं तुला?" मला आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जुन्या खोलीवर गेलो. कशासाठी, ते काकालाही सांगता आलं नसतं. कारखान्याच्या मालकाने खोल्यांची डागडुजी करून वर्षभराने त्या नव्या लोकांना दिल्या होत्या. आमच्या खोलीत एक शिंपीण राहत होती. दाराला चॉकलेटी रंग होता. तिने आम्हाला आत घेतलं, स्टुलावरचे कपडे बाजूला केले. आम्ही कोण ते सांगितल्यावर ती आमच्याकडे जरा टक लावून बघायला लागली.

"तुमचं कोणी समुद्रावर होतं का हो?"

काकाने मान हलवली.

"तीन वर्षं झाली असतील. एक माणूस आला होता. पांढरी दाढी, हातात पत्र्याची पेटी. मी इथे मशीनवर होते. हे मेलं दार नव्या माणसाला उघडत नाही, मला स्वतःला शिकायला आठवडा लागला. आणि हा आला तो काही न विचारता खांदा लावून दार उचललं आणि सरळ आत. मी ओरडणार होते. पण मला बघून तोच इतका दचकला, की मलाच कसंसं झालं."

काकाने माझा हात धरला की मी त्याचा, आठवत नाही.

"म्हणाला, इथे एक बाई राहायची, तिला मुलगी होती. मी म्हटलं, आम्ही आलो त्याच्या आधीच गेली ती. कुठे ते माहीत नाही. नवरा समुद्रात वारला तिचा, असं मालक सांगत होते." शिंपीणीने मशीनवरचं कापड सरळ केलं. "मला जे ठाऊक होतं तेच सांगितलं हो मी."

"मग?" काकाने विचारलं.

"असं का, म्हणाला. पाणी मागितलं. प्यायला, भांडं धुऊन उपडं घातलं. जाताना विचारलं, मुलगी शिकली असेल का? मला काय माहीत, म्हटलं शिकली असेल. मग धक्क्यावर जाऊन बेटाकडे बघत बराच वेळ उभा होता."

"कुठला महिना?"

तिने सांगितला. मोसम संपल्यानंतरचा. बेटावर वाळूशिवाय काही नव्हतं आणि काका शहरात आकड्यांची प्रत काढत होता. त्याची कचेरी बाबांना ठाऊक होती. तरी ते तिकडे गेले नाहीत. का गेले नाहीत आणि इतकी वर्षं कुठे होते, ह्याचं उत्तर मला कधीच मिळालं नाही. मला एवढंच वाटतं, की घरच्यांनी आपल्याला मेलेलं ठरवलंय हे ऐकल्यावर माणूस आणखी कोणाच्या दारात जाईल?

आईला सांगायचं की नाही, ह्यावर येताना बसमध्ये आमचं भांडण झालं. मी नको म्हणत होते. काका म्हणाला, "मी तिला एकदा चुकीचं सांगितलंय. आता गप्प बसलो तर तेही चुकीचंच सांगणं झालं." घरी आल्याबरोबर त्याने चप्पलही न काढता सगळं सांगितलं, एका दमात, हात जोडून.

आई कणीक मळत होती. तिने हात थांबवले आणि विचारलं, "त्यांनी दारावरचं वाचलं नाही?"

आम्हाला काही कळेना.

"दारावर. बाहेरून. डावा खांदा लागतो तिथे. मी इथला पत्ता लिहिला होता, निळ्या ऑइलपेंटने. रंगाच्या जुन्या डब्यात तळाशी थोडा उरला होता. दार उचलताना नजर तिथेच जाते त्यांची."

मी म्हटलं, "आई, दाराला आता चॉकलेटी रंग आहे."

ती खाली बसली. पिठाचे हात तसेच मांडीवर. "भावजी, तुम्ही म्हणालात म्हणून मी आले," ती म्हणाली. "पण मला तुमचं पटलं नव्हतं. एक दिवससुद्धा पटलं नव्हतं. मग मी तिथेच का राहिले नाही?" हे ती काकाला विचारत नव्हती, तरी तो चपलांसकट तिच्यासमोर खाली बसला आणि रडायला लागला. म्हाताऱ्या माणसाला इतकं रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

त्यानंतर आई दोन वर्षं काकाशी बोलली नाही. जेवायला वाढायची, आजारी पडला तर औषध द्यायची, पण शब्द नाही. काकाने खात्याला लेखी कळवलं की आपला अहवाल चुकीचा आहे, आणि भिंतीवरची चौकट काढून टाकली. वरिष्ठांनी आधी टाळाटाळ केली, मग पोलादी वाळे आले. बंदरांच्या कचेऱ्यांना, जहाजाच्या कंपन्यांना, परदेशातल्या इस्पितळांना त्याने किती पत्रं लिहिली ह्याला सुमार नाही. तो माणूस कुठल्या बोटीने आला आणि कुठे गेला, कोणालाच माहीत नव्हतं. वहीत त्याने पुन्हा कोणापुढे फुली मारली नाही.

आणि दर मोसमाच्या आधी, पहिला पक्षी यायच्या आत, तो रंगाचा छोटा डबा घेऊन जुन्या खोलीवर जायचा. शिंपीणबाईंची परवानगी घेऊन, जिथे खांदा लागतो तिथे, निळ्या अक्षरांत आमचा पत्ता लिहायचा. खाऱ्या वाऱ्याने वर्षभरात अक्षरं पुसट व्हायची. तिसऱ्या वर्षी तो तिथून परत आला तेव्हा शर्टाचं एक बटण तुटलं होतं. आईने काही न बोलता सुईदोरा घेतला, शर्ट त्याच्या अंगावर असतानाच बटण लावलं आणि दोरा दाताने तोडला. "हे त्या बयेचं नाही, रंगाच्या डब्यात अडकलं," काका म्हणाला. "कळतं मला," आई म्हणाली. बोलणं पुन्हा सुरू झालं ते असं. माफ केलं का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

बटणवाली आणखी तीन मोसम आली, पायात पोलादी वाळा घालून. चौथ्या मोसमात नांगराजवळची जागा रिकामी होती. काका बेटावर रोज तिथे जाऊन बसायचा. त्या वर्षीचे पक्षी दक्षिणेला गेले आणि त्यानंतर दीड महिन्याने काकाही गेला, कचेरीतल्या खुर्चीतच, पुढ्यात वही उघडी ठेवून. तिच्या आकड्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं. आई त्यानंतर सहा वर्षं होती.

आता रंग द्यायला मी जाते. अक्षर काकासारखं येत नाही, पण वाचता येतं. शिंपीणबाई थकल्या आहेत. दार अजून तसंच घासतं, आणि त्या रोज खांदा लावताना मला शिव्या देतात. मागच्या वर्षी त्यांनी सुतार बोलावला होता. त्याने दार बघितलं, खालची कड तासली की दहा मिनिटांचं काम, म्हणाला. रंधा पिशवीतून काढलाही होता. मी त्याला नको म्हटलं आणि परत पाठवलं. बाबा असतील तर आता ऐंशीच्या पुढे असतील, त्यांना अक्षरं दिसतील न दिसतील. शिंपीणबाईंना मी एवढंच सांगून ठेवलंय, की कोणी अनोळखी माणूस आला आणि त्याने हे दार न सांगता उचललं, तर त्याला बसवून ठेवा.